न मागता मिळणारा वकील



आज मी एका हक्काबद्दल बोलणार आहे. या मंडपात बसलेल्या बहुतेकांना तो हक्क कायद्यानं मिळालेला आहे. समोर डावीकडे बसलेल्या सगळ्या बायकांना तर तो मिळालेलाच आहे. त्यासाठी त्यांनी गरीब असण्याची गरज नाही, विधवा असण्याची नाही, कुठल्या विशिष्ट जातीची असण्याचीही नाही. स्त्री आहे, एवढं पुरे. तिच्यावर दावा झाला किंवा तिला दावा करायचा असला, तर सरकारच्या खर्चानं वकील मिळण्याचा तिला हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. हा कायदा प्रत्यक्ष अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी, म्हणून ती तारीख देशभर विधी सेवा दिन म्हणून पाळतात. त्याच कलमात मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आहेत, अपंग आहेत, कारखान्यातले कामगार आहेत, पूर-दुष्काळ-भूकंपात सापडलेले आहेत आणि कोठडीतला प्रत्येक माणूस आहे. यांपैकी कशातच न बसणाऱ्या माणसासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे आणि महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाख रुपये आहे. कोरडवाहू सोयाबीन-कपाशीवर जगणारी आपल्या बुलढाणा तालुक्यातली किती घरं त्या मर्यादेच्या वर जातील, हे तुम्हीच मला सांगा. उत्पन्नाबद्दल अर्जदारानं केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, असंही कायदा म्हणतो. देशातले जवळपास ऐंशी टक्के लोक या ना त्या कारणानं या मदतीला पात्र ठरतात, असा अंदाज सांगितला जातो.

मग वकील नाही म्हणून हरलेली माणसं आपल्याला जागोजागी का दिसतात? हक्क कागदावरच राहिला, असं उत्तर आपण चटकन देतो. मला ते आळशी उत्तर वाटतं. हक्क कागदावर राहत असेल, तर तो कुठल्या टप्प्यावर अडतो हे शोधलं पाहिजे. माझं म्हणणं असं, की तो ‘मागणे’ या एका क्रियापदापाशी अडतो. मोफत वकिलाची आपली सगळी व्यवस्था गरीब माणूस येईल, अर्ज करेल आणि मागेल, असं गृहीत धरून उभी आहे. पण मागायला आधी माहीत असावं लागतं. माहीत असलं तरी कुठल्या दारात जायचं ते कळावं लागतं. आणि दार सापडलं तरी वेळ हातात असावा लागतो. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत, तो पुष्कळदा पैसे देऊनही वकील करू शकतो. ज्याच्यासाठी कायदा केला, त्याच्याकडे यांतली एकही नसते.

आपल्या मराठी मुलखानं हा धडा फार लवकर शिकला होता. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी काय जाळलं? खतं जाळली, रोखे जाळले, कर्जाचे कागद जाळले. हा राग कागदावर होता. त्या कागदांना दिवाणी कोर्ट दात देत असे. सावकार दावा लावी, समन्स निघे, कर्जदार कूळ कोर्टात जात नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. कूळ का जात नसे? भीतीनं. रस्त्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांमुळे. आणि तिथं जाऊन बोलायचं काय, हेच माहीत नसल्यामुळे. दंग्यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. आपला वऱ्हाड त्यात नव्हता. पण त्यातल्या दोन तरतुदी वऱ्हाडानंही लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली अशी, की न्यायाधीशानं नुसत्या रोख्याकडे पाहून निकाल देऊ नये, मुळात किती दिले आणि किती फेडले हा व्यवहाराचा सगळा इतिहास उलगडावा. दुसरी तर विलक्षण आहे. समोरच्या बाजूनं वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील करण्याची ऐपत नाही असं न्यायाधीशाला वाटलं, तर जिल्हा न्यायाधीशाच्या संमतीनं तो सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य माणसाला त्या शेतकऱ्याच्या बाजूनं उभं करू शकत होता.

बारकाईनं पाहा. शेतकऱ्यानं अर्ज करावा, असं तिथं नव्हतं. न्यायाधीशाला वाटलं की पुरे. परकं सरकार, जनतेच्या कल्याणापेक्षा महसुलाची काळजी करणारं; पण दंग्याच्या धक्क्यानं त्याला एक गोष्ट कळली होती, की जो गप्प उभा आहे त्याच्याकडे कोर्टानंच वळून पाहिलं पाहिजे. तो कायदा सगळीकडे नीट राबला असं मी म्हणत नाही. सावकारांनी त्यातूनही वाटा काढल्या. पण तत्त्व म्हणून १८७९ चा तो मजकूर आपल्या आजच्या अर्जाच्या नमुन्यापेक्षा पुढे होता, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? आपल्या घटनेनं अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला, अनुच्छेद २२ मध्ये. त्या वकिलाचे पैसे कोण देणार, हे तिथं लिहिलेलं नाही. मुंबई सरकारनं १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली, विधी आयोगानं १९५८ मध्ये लिहिलं, १९७३ मध्ये कृष्ण अय्यर समितीचा अहवाल आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेशीर मदत ही राज्याची जबाबदारी ठरली. पण तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्याच्या आधारे कोर्टात थेट दाद मागता येत नाही. त्याला जिवंत केलं ते सर्वोच्च न्यायालयानं, आणि अभिमानानं सांगावं की त्यातले कळीचे खटले महाराष्ट्रातून गेलेले आहेत.

१९७८ चा होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला घ्या. आरोपी अडाणी नव्हता, विद्यापीठात शिकवणारा माणूस होता. बनावट पदवीच्या प्रकरणात सत्र न्यायालयानं त्याला कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली होती, उच्च न्यायालयानं ती वाढवून तीन वर्षं केली. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला चार वर्षं उशिरा, कारण निकालाची प्रत तुरुंगात आपल्या हातात पडलीच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली. पण त्याच निकालात सांगितलं, की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत दिली पाहिजे, ती दिल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि ज्याला वकील करता येत नाही त्याला कोर्टानं वकील दिला पाहिजे व पैसे सरकारनं भरले पाहिजेत. शिकलेल्या माणसाचे जिथं हे हाल, तिथं सही म्हणून अंगठा उठवणाऱ्याचं काय होत असेल?

त्याचं उत्तर १९८३ च्या शीला बारसे खटल्यात आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा कैदी बायकांना भेटून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. आरमायटी देसाई यांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला. त्या अहवालात एका वकिलानं दोन परदेशी कैदी बायकांना फसवल्याचीही नोंद होती. म्हणजे तुरुंगात अडकलेल्या बाईपाशी मदत पोहोचत नव्हती, लुबाडणारा मात्र पोहोचत होता. न्यायालयानं आदेश दिला, की कुणालाही अटक केली की पोलिसांनी लगेच जवळच्या कायदा-मदत समितीला कळवावं. समितीनं मदत द्यायला आपण होऊन जावं. आरोपीनं समिती शोधत फिरू नये. १८७९ चं तत्त्व इथं पुन्हा वर आलं.

आणि १९८६ मध्ये सुकदास खटल्यात, तो अरुणाचल प्रदेशातला, न्यायालयानं शेवटची फट बुजवली. आरोपीनं वकील मागितलाच नव्हता, म्हणून खटला वैध, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी शिक्षा रद्द केली आणि सांगितलं, की मोफत वकिलाचा हक्क अर्जावर अवलंबून ठेवता येत नाही. ज्याला हक्कच माहीत नाही तो मागेल कसा? माझा आजचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आलेला आहे. फरक एवढाच की तो निकाल फौजदारी खटल्यापुरता होता, आणि आपल्या गावातलं बहुतेक दुःख दिवाणी आणि महसुली असतं.

इथं जरा थांबू या, कारण इथं विषय खरा सुरू होतो. आपल्या देऊळघाटला तालुका आणि जिल्हा दोन्ही बुलढाण्यातच. अंतराची अडचण सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांना जितकी आहे तितकी इथं नाही. मग इथली बाई वकिलापाशी कधी पोहोचते? दावा हरल्यावर, किंवा दावा करण्याची मुदत गेल्यावर. तिची हार कोर्टात झालेलीच नसते. ती झालेली असते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, हक्कसोडपत्रावर सही केली त्या दिवशी. बाप गेला, वारसांची नोंद करायची, भाऊ म्हणाला सही कर, तिनं केली. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. मुस्लिम बहिणीचा वाटा तिच्या वैयक्तिक कायद्यात आधीपासून ठरलेला आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही बोलणाऱ्या या गावात दोन्ही घरांमधल्या बहिणींची गोष्ट अखेर एकाच कागदावर संपते. मी भावाला दोष देत नाही. कुणी प्रेमानं सोडतही असेल. पण आपण काय सोडतोय, त्याची किंमत किती, नंतर परत मिळेल का, हे सही करण्याआधी तिला दहा मिनिटं कुणी सांगितलं का? ते दहा मिनिटांचं सांगणं कायद्याच्या दृष्टीनं ‘विधी सेवा’च आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत खटला चालवण्याबरोबर कुठल्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणंही येतं.

तीच गोष्ट फेरफाराची. तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, फेरफार धरला जातो. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते. हरकत घ्यायला पंधरा दिवस. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. त्याविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलाला साठ दिवस. ज्या विधवेचं नाव त्यात गळलं, तिला हे कळतं पीक कर्जासाठी सातबारा काढायला गेल्यावर. पुष्कळांचा समज असा, की मोफत वकील फक्त कोर्टात मिळतो, तहसीलमध्ये नाही. हा समज चुकीचा आहे. त्या कायद्यातल्या ‘न्यायालय’ या शब्दात महसूल न्यायालय येतं आणि न्यायनिवाड्याचं काम करणारं कुठलंही प्राधिकरण येतं. म्हणजे तहसीलदारापुढच्या, उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या प्रकरणात तिला मोफत वकील मिळू शकतो. बेकायदा सावकारानं कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकापुढे दाद मागता येते. तिथंही हाच हक्क सांगता यायला हवा.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ती खोटी नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोळलेल्या हातांनी ती लिहिली आहे. पण ती पायरी चढायची की नाही, हे ठरवण्याची मुभा दावा लावणाऱ्याला असते. ज्याच्या दारात बेलिफ समन्स घेऊन येतो, त्याला ती नसते. तो चढला नाही तर १८७५ च्या कुळासारखाच त्याच्यावर एकतर्फी हुकूमनामा होतो.

लोकअदालतीबद्दलही थोडं बोललं पाहिजे. ती चांगली व्यवस्था आहे. कोर्ट फी परत मिळते, वाद त्याच दिवशी मिटतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तो अखेरचा असतो. म्हणूनच तिथं सही करण्याआधी सल्ला अधिक लागतो. एका बाजूला विमा कंपनीचा किंवा बँकेचा वकील, दुसऱ्या बाजूला अपघातात कर्ता गेलेली बाई, आणि मध्ये एक आकडा. तो आकडा तिनं समजून स्वीकारला की थकून? समजून स्वीकारला तर ती तडजोड. थकून स्वीकारला तर ती दुसरी हार.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप सगळ्यांच्या मनात आहे: फुकटचा वकील काय कामाचा? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारं मानधन तुटपुंजं असतं, कागद ऐनवेळी हातात येतात, अशिलाशी बोलणं कोर्टाच्या व्हरांड्यात होतं. २०१९ च्या अनोखीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षाच रद्द केली, कारण सरकारनं दिलेल्या वकिलाला तयारीला वेळच मिळाला नव्हता. तेव्हापासून जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षं अनुभवाचा वकील आणि तयारीला किमान सात दिवस, हे बंधन आलं. २०२२ पासून ‘लोक अभिरक्षक’ व्यवस्था सुरू झाली आहे. त्यात पूर्ण वेळ पगारावरचे बचाव-वकील असतात, मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. सरकारी अभियोक्ता पगारी असतो म्हणून कुणी त्याला कुचकामी म्हणत नाही. मग बचावाचा वकील पगारी झाला की तो का कुचकामी ठरावा? दर्जा पैशानं, वेळेनं आणि देखरेखीनं येतो. आपण यांपैकी काय देतो? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या हिशेबानं देशात मोफत कायदेशीर मदतीवर वर्षाला माणशी सात रुपयेही खर्च होत नाहीत. गावोगाव जाऊन माहिती देणारे विधी स्वयंसेवक २०१९ ते २०२४ या काळात सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे न मागणाऱ्यापर्यंत जाणारे पायच आपण कमी केले.

दुसरा आक्षेप: फुकट वकील मिळाला की लोक ऊठसूट दावे लावतील. अनुभव उलट सांगतो. ज्याला वेळेवर सल्ला मिळतो, त्याच्या अनेक अडचणी पंधरा दिवसांच्या हरकतीतच सुटतात आणि पंधरा वर्षांचा दावा टळतो. प्राधिकरणाला पाहणी करून तकलादू प्रकरण नाकारताही येतं. गर्दीचा हिशेब करायचाच असेल, तर तो तुरुंगात करा. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. यांना जामिनाचा अर्ज वेळेवर कोण करून देणार?

तिसरा आक्षेप रागाचा आहे: गुन्हेगाराला सरकारी पैशानं वकील कशाला? या रागाची सगळ्यात कठीण परीक्षा महाराष्ट्रानंच दिली आहे. २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबचं वकीलपत्र घ्यायला बहुतेक वकील तयार नव्हते. तरी न्यायालयांनी त्याला खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील दिला. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी कायम केली आणि त्याच निकालात देशातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याला बजावलं: आरोपी पहिल्यांदा तुमच्यापुढे आणला जाईल तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क आहे हे सांगा, हवा असेल तर द्या, आणि हे केलं नाही तर तुमच्यावर खात्याची कारवाई होऊ शकते. कसाबच्या खटल्यातून निघालेला हा नियम उद्या चोरीच्या खोट्या आळात सापडलेल्या एखाद्या शेतमजुराच्या पोराच्या कामी येणार आहे. हक्क द्वेषपात्राला नाकारायचा म्हटलं, तर ज्याच्यावर नुसता संशय आहे त्याच्यापासूनच नाकारायला सुरुवात होते.

राहिला शेवटचा आक्षेप, तो स्त्रियांच्या बाबतीत. श्रीमंत बाईला फुकट वकील का? कारण घर श्रीमंत असतं, बाई नसते. सातबारा त्याच्या नावावर, पासबुक त्याच्याकडे, आणि दावा त्याच्याविरुद्ध. अशा बाईकडे उत्पन्नाचा दाखला मागितला, तर तो आणायला तिला त्याच घरात परत जावं लागेल.

शब्दांबद्दलही एक सांगतो. ‘विधी सेवा प्राधिकरण’. यातला एकही शब्द आपल्या घरात बोलला जात नाही. ‘विधी’ म्हटलं की गावाला लग्नविधी किंवा दहाव्याचा विधी आठवतो. १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. पण जी मराठी कळत नाही, ती मराठीत असून उपयोग काय? पाटीवर ‘सरकारी खर्चानं वकील इथं मिळेल’ असं लिहिलं, तर कोणता नियम मोडतो?

२३ ऑक्टोबर २०२४ ला सुहास चकमा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की पोलीस ठाणी, बस स्थानकं यांसारख्या ठिकाणी ही माहिती आणि संपर्क क्रमांक ठळक लावा, स्थानिक भाषेत लावा. राष्ट्रीय प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे, फोन फुकट लागतो. मला त्यात एकच भर सुचवायची आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या ग्रामसभेनं असा ठराव करून तहसीलदारांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवावा, की या गावात निघणाऱ्या प्रत्येक नमुना ९ च्या नोटिशीच्या तळाशी आणि प्रत्येक समन्साच्या पाठीवर तीन ओळी छापाव्यात, मराठीत आणि उर्दूत: ‘या कागदावर काय करायचं ते सांगायला तुम्हाला सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. तुम्ही स्त्री असाल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००.’ आणि दुय्यम निबंधकांना विनंती करावी, की हक्कसोडपत्राला बसलेल्या बाईला सही करण्याआधी त्या तीन ओळी मोठ्यानं वाचून दाखवाव्यात, तेवढ्यापुरतं बरोबरच्या माणसांना बाहेर थांबवून.